साडेसातची जागा

सोमवारपासून साडेसातची मालिका साडेदहाला.
पडद्याखालच्या पट्टीत एवढंच सरकत गेलं
आणि चारही लाटणी थांबली.
तव्यावर एक पोळी करपली.

बिबवेवाडीत, अप्पर डेपोच्या अलीकडं,
शटर अर्धं ओढलेलं आमचं पोळीभाजी केंद्र.
टीव्ही पिठाच्या डब्यांवर.
काचेवर सदा पीठ उडालेलं,
म्हणून नायिका लग्न झाल्यापासून
जरा पांढरीच दिसते.

आमचं घड्याळ तिचंच होतं.
शीर्षकगीत सुरू झालं की दुसरी परात,
पहिल्या जाहिरातीला मटकीला फोडणी,
सासू बोलायला लागली की डबे बांधायचे,
आणि उद्याच्या भागात म्हणेपर्यंत
हॉस्टेलचा पोरगा दारात.

कौसल्या ढमढेरे म्हणाली, पत्र टाकू वाहिनीला.
पत्ता?
मुंबई.
नुसत्या मुंबईवर पत्र जातं होय?
हेमा लोंढेनं हिशेब मांडला:
साडेनऊची बस, दहाला घर, भांडी,
अकराला नळ येतो.
तिला रडायचं तर गुरुवारी रडावं,
गुरुवारी आमच्याकडं पाणी नसतं.

आणि साडेसातला आता काय?
लहान पोरांची गाण्याची स्पर्धा.
सात वर्षांची पोर विरहाचं गाते
आणि कोट घातलेले परीक्षक डोळे पुसतात.
वनमाला म्हणाली, त्यांना इकडं पाठवा,
दहा किलो कांदा पडलाय.

तेजू सगळ्यात लहान, कॉलेज करून येते.
म्हणाली, मोबाइलवर बघा की, कधीही दिसतं.
कधीही.
शमीमआपांनी तो शब्द
गरम पोळीसारखा या हातातून त्या हातात घेतला
आणि खाली ठेवला.

मंगळवारी कणीक मळताना विचारलं,
काय झालं काल?
कौसल्याला जाहिरातीतच झोप लागली.
हेमाच्या घरी रिमोट मुलाकडं, म्हणजे क्रिकेट.
शमीमआपांनी आवाज बंद करून पाहिलं, नातू निजला होता;
ती कुणाला तरी खूप बोलत होती म्हणे,
कुणाला ते कळलं नाही.
मी पाहिलं, वनमाला म्हणाली.

दागिने तिनं देवघरात ठेवले,
चपला हातात घेऊन जिना उतरली.
आणि नवरा?
जागा होता. डोळे मिटून.
हे इतकं खरं होतं
की पुढं कुणी काही विचारलं नाही.

बुधवारी ती पहाटेच्या गाडीनं स्वारगेटला उतरली.
गुरुवारी खोली बघितली,
मालकीण म्हणाली, एकटीच का?

शुक्रवारी तेजूनं बसमध्ये चारही भाग पाहिले.
आली, एप्रन बांधला,
वनमालाकडं बघत राहिली.
मालिकेत ती अजून देवघरातच होती,
हात जोडून, चार दिवस,
तीन बाजूंनी कॅमेरा फिरत.
तेजूनं फोन पिशवीत टाकला
आणि विचारलं, मग, खोली मिळाली का?

वनमालाकडं टीव्ही नाही.
वही माझ्याकडं असते, म्हणून ठाऊक.
सहा वर्षांपूर्वीच्या पानावर तिच्या खोलीचं डिपॉझिट आहे,
महिन्याला पाचशे कापून घेतलेलं,
माझ्याच अक्षरात.

आता साडेसातला टीव्ही मुका.
पोरं तोंडं उघडून गातात, टाळ्या पडतात,
आणि वनमाला सांगते.

काल ती आमच्याच शटरखालून वाकून आत आली.
पोळ्या येतात का? कौसल्यानं विचारलं.
कुठल्या, सासरी आचारी होता.
मग जो वाद पेटला!
रोजावर घ्यायची की पोळीमागं?
हेमा म्हणे पोळीमागं,
नाहीतर आठवडाभर नकाशेच लाटेल.
तेजू म्हणे, नकाशे मीही लाटले की.
शमीमआपा म्हणाल्या, आधी तिला चहा द्या.

सव्वाआठ वाजले.
हॉस्टेलचा पोरगा हॉर्न वाजवतोय,
एकही डबा बांधलेला नाही,
आणि मी वहीत नवीन पान काढून बसलेय,
नाव काय लिहायचं?