पाण्यात पाहणे

कुम-अस्टविथच्या वळणावर गाडी लावली
आणि पिवळी पेटी उतरवली, शाळेच्या दप्तराएवढी.
समोरच्या उतारावर अजून गवत धरत नाही.
खाण कधीच मिटली, राखाडी खडीचे ढीग राहिले.
पाऊस त्यातलं शिसं रोज थोडंथोडं नेतो,
मुंगीने साखर न्यावी तसं.
आपल्याकडे पाण्यात पाहणं म्हणजे वैर धरणं.
मला त्याचा पगार मिळतो.

इदवाल फाटकाशीच उभा, ऐंशीच्या पुढचा,
पायात दोन वेगळ्या जोडांचे बूट.
"एवढ्याशा पेटीत नदी मावते?"
"वीस मिलिलिटर मावते."

त्याच्या झऱ्याचं पाणी भांड्यात घेतलं.
बफर घातलं, व्हिनेगरचा वास सुटला.
"चिप्स आणू का?" तो म्हणाला.

इलेक्ट्रोडवर आधी बिस्मथचा थर चढतो.
माहितीपत्रक त्याला फिल्म म्हणतं, मी मनात कल्हई म्हणते.
मग दोन मिनिटं ढवळणी फिरते
आणि पाण्यातले धातू गुपचूप तिथे येऊन बसतात,
आमंत्रण नसलेल्या पंगतीला बसावं तसे.
मग मी व्होल्टेज चढवत नेते.
पहिलं उठतं जस्त.
त्यामागून कॅडमियम,
ज्याच्या नावाचं आपल्यात एक भांडंही नाही.
मग शिसं.
तांब्याचं सांगवत नाही, ते बिस्मथच्या आडोशाला राहतं.
कोण कधी उठलं त्यावरून ओळख,
उठताना केवढा गलका केला त्यावरून गणती.

शिशाचा उंचवटा आला.
लिटरला अडतीस मायक्रोग्रॅम. चालतात दहा.
इदवालने आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.
"आजाला शिसं पगारात मिळालं," तो म्हणाला,
"मला चहातून."

मग आत गेला, बराच वेळ.
आला तेव्हा हातात शेकायची रबरी पिशवी,
लोकरीच्या गवसणीतली.
"मेन्नाची. त्या रात्री मीच भरली, याच झऱ्याची.
ओतायची राहिली. हिच्यात बघ."

नियमात बसत नव्हतं.
बाटली धुतलेली हवी, तारीख हवी.
तारीख त्याला तोंडपाठ होती.

पुन्हा कल्हई, पुन्हा पंगत.
जस्त उठलं ते थेट पडद्याबाहेर गेलं.
"ते पाण्यातलं नाही," मी घाईने म्हणाले,
"रबरात जस्त घालतात, ते उतरत राहतं."
"म्हणजे पिशवीचं."
"पिशवीचं."
"आणि शिसं?"
छत्तीस. आजच्याएवढंच, धरून चाला.
त्याने मान हलवली,
शेजारच्या गावची खुशाली कळावी तशी.

भांडं मी टाकाऊ पाण्याच्या कॅनवर कलतं केलं
तोच त्याने पिशवीचं तोंड उघडून पुढे धरलं.
सांगावं लागलं, यात आता बिस्मथ आहे, ॲसिड आहे.
"मोजलेलं परत मिळत नाही?"
"नाही."
बूच आवळलं. पिशवी कानाशी नेऊन हलवली,
कमी झालेलं ऐकू येतं का बघत.

निघताना बजावलं,
फिल्टर बसेपर्यंत गावातल्या नळाचं पाणी आणा,
चहालासुद्धा.
"कुत्र्यालाही?"
"कुत्र्यालाही."
मग तो वाकून कुत्र्याशी वेल्शमध्ये बोलला,
एवढ्याशा निरोपाला लागावं
त्याहून पुष्कळ लांब.