निमभांडखोर

निरोपसमारंभात सेक्शनच्या पोरांनी
शाल, नारळ आणि तीन फुटांची रिकामी काचेची टाकी दिली.
चौतीस वर्षं कालव्याचं पाणी मोजलं साहेबांनी,
आता जरा घरचं मोजतील, म्हणाले.
लोक हसले. मीही.

जिंतूर रोडला, पंक्चरच्या टपरीला लागून
इर्शादचं दुकान.
आत हिरवट उजेड, पंपांची बुडबुड,
आणि त्याचा पहिला प्रश्न माशांबद्दल नसतोच.
"पाणी कुठलं?"
नळ आठव्या दिवशी, मी म्हणालो. एरवी बोअर.
"कसंय?"
भांड्याला पांढरा थर धरतो. डाळ शिजत नाही.
तो खूश झाला.
"मग एंजल विसरा, ते मऊ पाण्याचे लाडके.
जड पाण्याला थोडं तिखट जनावर लागतं.
लईच खुनशी नको, अन् गप्पीसारखं गरीब बी नको.
मधलं. निमभांडखोर."

टायगर बार्ब
दोन घेतले तर एक दुसऱ्याला मारतो.
आठ घेतले तर भांडण वाटलं जातं,
कुणाच्याच वाट्याला पुरेसं येत नाही.
(हे आधी कळतं तर एकट्या हेडक्लार्कशी
अकरा वर्षं घालवली नसती.)

फायरमाउथ, गळ्याखाली कुंकवाचं बोट ओढल्यासारखा लाल.
राग आला की कल्ले छत्रीगत उघडतो.
समोरचा हललाच नाही, तर हळूच मिटून घेतो.
"नुसता आव साहेब. चावत नाही फारसा."

आणि काळ्या पट्ट्यांची ती जोडी, कॉन्व्हिक्ट.
इर्शाद त्यांना कैदी म्हणतो.
"एरवी बरे. घर सापडलं की कुणाचे नाहीत.
मधे आडोसा ठेवा. एकमेकांना दिसलं नाही
की निम्मं भांडण मिटतं.
पण आधी महिनाभर नुसतं पाणी चालवा."

महिनाभर आम्ही नुसतं पाणी चालवलं.
कुमुद संध्याकाळी त्याच्यापुढे खुर्ची टाकून
शेंगा सोलत बसायची.
शेजारीण विचारून गेली, मासे मेले का?

बोअर धाकट्याच्या अंगणात आहे.
वाटणीत पाणी निम्मं निम्मं,
बोलणं कुणाच्याच वाट्याला आलं नाही.
मधली साडेपाच फुटांची भिंत
हा आमचा शेवटचा सामायिक खर्च.
मासे आले, आणि दर रविवारी
चार बादल्या पाणी बदलायला लागलं.
तिसऱ्या रविवारी भिंतीपलीकडून आवाज आला:
"इतकं पाणी काहून लागायलंय?"
मासे आणलेत.
"कसले?"
काय सांगणार? जे नाव होतं ते सांगितलं.
मग बराच वेळ फक्त मोटार बोलत राहिली.

सकाळी भिंतीवर
फुटक्या रांजणाचा गळा ठेवलेला,
धुतलेला,
कडा विटेनं घासून बोथट केलेल्या.
आडोशाचं मी त्याला काहीच बोललो नव्हतो.
कुमुदला विचारलं, तर ती म्हणाली,
शेंगांत लक्ष होतं माझं.

कैद्यांनी अर्ध्या तासात ताबा घेतला.
फायरमाउथ लांबून कल्ले उघडून पाहतो, मिटतो.
बार्ब आपले आठजण आपसांत.
रविवारी आत हात घातला
की ती दोघं थेट बोटावर येतात.
लागत नाही फारसं.