ताशी तीस

तूवाला हवी होती लाल.
योर्गनला हवी होती नवी, विजेवरची,
जी आपणहून ब्रेक दाबते.
तो स्टॉकहोमला राहतो, तिथून सल्ले स्वस्त पडतात.
मला हवी होती जड.
वखारीत वीस वर्षं लाकडाचा हिशेब लिहिणाऱ्या बाईला
वजन तेवढं कळतं,
बाकी गाडीतलं ओ की ठो कळत नाही.

आमच्याकडे पंधरा सरली की पोरांना गाडी मिळते
आणि कायदा तिच्या पायात लोढणं अडकवतो :
ताशी तीस, त्याच्या वर नाही,
मागे तांबडा त्रिकोण,
की बाबांनो, पुढे कुणीतरी अजून शिकतंय.
शाळा सत्तावीस किलोमीटरवर.
मधे नुसतं जंगल, आणि जंगलात एल्क,
घोड्याएवढे उंच, काटकुळ्या पायांचे,
त्यांना त्रिकोण वाचता येत नाही.

पहिल्या गाडीला ओल्या कुत्र्याचा वास होता.
दुसरी विकणारा पोरगा एकोणीसचा,
त्याने इंजिन दाखवलंच नाही, स्पीकर दाखवले,
आमच्या छातीतली हाडं मोजून निघाली.
तूवा खूश. मी म्हटलं, बघू.
आमच्या घरात बघू म्हणजे नाही, हे तिला माहीत आहे.
परतताना ती खिडकीच्या काचेशी बोलत बसली.

तिसरी एवर्टच्या शेडमध्ये.
साय धरल्यासारख्या रंगाची जुनी व्हॉल्वो,
कपाटाला चाकं लावावीत तशी.
त्याच्या आईची, हिल्दूरची. ती आता वृद्धाश्रमात असते.
ब्याऐंशीपर्यंत चालवली तिने, एवर्ट म्हणाला,
तीसच्या वर कधी गेलीच नाही,
कायद्याने सांगायच्या आधीपासून.
मी दार लावून पाहिलं.
धप्प. चांगल्या वाळलेल्या ओंडक्याचा आवाज.
तूवाने नाक मुरडून समोरचा कप्पा उघडला,
काहीतरी दोष सापडावा म्हणून.

आत ज्येष्ठमधाच्या गोळ्या, दगड झालेल्या,
एक भिंग,
आणि रेघांची वही.

१२ ऑक्टोबर ९८. गिरणीचं वळण. नर, थोराड.
३ जून ०२. पुलाच्या अलीकडे. मादी, दोन पिल्लं. थांबले.
नोव्हेंबर ०९. चर्चच्या उतारावर. एकटा, लंगडतो.
डिसेंबर, तोच लंगडा. अजून आहे म्हणायचा.

पानंच्या पानं.
आम्ही शेडमध्ये उभ्या, श्वासाची वाफ वहीवर,
आणि तूवा बोट ठेवून वाचत होती :
गिरणी, पूल, चर्च, गिरणी.
तिचाच शाळेचा रस्ता,
कुणीतरी तीस वर्षं आधी तिच्यासाठी पाहून ठेवलेला.

शेवटची ओळ तिरकी गेलेली :
आज काही दिसलं नाही. किंवा मलाच दिसलं नाही.

त्या संध्याकाळी आईने किल्ली माझ्यापुढे ठेवली, एवर्ट म्हणाला,
आणि टायर बघायला खाली वाकला,
टायरमध्ये बघण्यासारखं काही नसताना.

किंमत तूवानेच विचारली.
वही सोबत मिळणार का, तेही.
मी घासाघीस करणार होते, शब्द तयार होते,
तोंडातच राहिले.

आणि लाल? मी बाहेर आल्यावर विचारलं.
लाल त्रिकोण आहे की, आई.

आता रोज चोपन्न मिनिटं.
मागे लाकडाच्या ट्रकांची रांग, आमच्याच वखारीचे ड्रायव्हर
मला फोन करून शिव्या घालतात.
मी ऐकून घेते. खरं तर ऐकायला बरं वाटतं :
शिव्या येताहेत म्हणजे गाडी रस्त्यावर आहे.

काल ती एक तास पंचवीस मिनिटांनी आली.
मी तीनदा दारापर्यंत जाऊन बूट घातले, काढले.
ती काही न बोलता सूप प्याली.
ती झोपल्यावर मी हळूच खाली गेले,
कप्पा उघडला, भिंग लागलं नाही.
हिल्दूरच्या तिरक्या ओळीखाली, गोल गोल अक्षरांत :

पूल. मादी आणि पिल्लू. पिल्लू मधेच बसलं.
थांबले.
मागचे सगळेही थांबले.