सिप्रियानच्या खोलीतला पांढरा

शिरोड्याच्या बाजारात, काजूच्या दुकानावर खोली.
खिडकीला काळं कापड, भिंत राखाडी.
ती मीच रंगवली, दोन हात देऊन,
पगार सुरू होण्याआधी.
राखाडीच का, विचारलं.
सिप्रियान म्हणाला, डोळ्यावर विश्वास ठेवू नको.
शेजारी लाल दिसलं
की हिरव्याला तो जास्तच हिरवं म्हणतो.

पहिलं फूटेज उघडलं : लॉगमध्ये शूट केलेलं,
पेजेच्या निवळीसारखं.
मला वाटलं, कॅमेरा गेला.
सगळं आहे त्यात, तो म्हणाला, घाई करू नको.

मग मॉनिटरच्या काचेवर
त्याने कुर्लीएवढं एक यंत्र टांगलं.
ते रंग मोजत बसलं, आम्ही खाली चहा प्यायलो.
वर आलो तर माझा निळा
इतके दिवस निळा नव्हताच.

पांढरा शिकायला मला मिठागरावर पाठवलं.
सकाळी मीठ निळसर,
दुपारी बघवेना,
संध्याकाळी सोललेल्या कोलंबीसारखं तांबूस.
फावडं टेकून पार्वती आरोसकरीण हसली :
"मीठ पांढराच आसता गो. बदलता तो उजेड."
हेच सिप्रियान मला
तीन आठवडे आलेख काढून सांगत होता.

आलेखात एक गोल असतो, गोलात एक तिरकी रेघ.
माणसाची कातडी, कुणाचीही, तिच्या आसपास पडते.
रापणकर पडले, भटजी पडले,
मुंबईहून आलेली पावडर लावलेली वहिनी पडली.
माझा हात कॅमेऱ्यापुढे धरला,
तोही.
बायोडाटात माझ्या रंगापुढे
काकाने "निमगोरा" लिहिलं होतं.
सिप्रियानला ते सांगितलं नाही.

मेमध्ये आरवलीच्या लग्नाचं काम.
नवरीच्या मामाचा फोन : पोरगी जरा उजळ करा हां,
पैशाचं बघू.
मी हो म्हटलं.
मांडवाच्या गुलाबी पडद्याची झाक तिच्या गालावरून काढली,
हळद हळदीच्या जागी आणली,
तिला तिच्या रेघेवर ठेवलं
आणि फाइल पाठवली.

रात्री पुन्हा फोन. मामा खूश :
बघा, सांगितल्यावर कशी गोरी दिसली!
त्याच्या मोबाइलचा ब्राइटनेस
शेवटच्या टोकाला असणार.

सिप्रियान इतका हसला की ठसका लागला.
मी बिल लिहिलं.
उजळ करण्याचे वेगळे लावू का, विचारलं.
लाव, म्हणाला.