सतरा नंबर

स्पितीहून आलेला काळा दगड,
खाकी पुड्यात, वर पेन्सिलीनं सतरा.
"समुद्राचा तळ आहे," ढमढेरे मॅडम म्हणाल्या. "जपून."
पंचवीस कोटी वर्षांचा चिखल
मी खलात जपून कुटला.

कुटताना वडील आठवले.
रास्ता पेठेत रक्तदाबाची यंत्रं दुरुस्त करायचे,
पारा मऊ चामड्यातून गाळायचे,
सांडलेला मणी पोस्टकार्डाच्या कडेनं हाकत आणायचे.
शेवटी शेवटी त्यांच्या हातात
बशी आपोआप वाजायची.

मॅडमनी एकदा फळ्यावर समजावलं होतं:
पाऱ्याचे सगळे अणू एका वजनाचे नसतात.
काही सम, काही विषम.
पाण्यावर ऊन पडलं की
विषमांना ते जरा वेगळं लागतं.
एकशे नव्व्याण्णव, दोनशे एक,
दोनशेच्या उंबऱ्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक,
ऊन लागल्याची खूण
हे दोघे तेवढी ठेवतात.

म्हणजे दगडाला विचारता येतं,
बाबा रे, तुझ्यावर उजेड होता का?
आणि त्या उजेडातल्या पाण्यात काय होतं?

सतरा नंबर रात्री पावणेदोनला बोलला.
पाषाणची वीज तोवर दोनदा गेलेली,
यंत्र पुन्हा तापेपर्यंत आम्ही खारे दाणे खाल्ले.
मॅडम आकड्याकडे बघत राहिल्या.
ज्वालामुखीची राख, जळकी रानं, हे आधीच धरलेलं होतं.
"गंधक," म्हणाल्या,
"वरपर्यंत आलं होतं. ऊन पोचतं तिथपर्यंत."

सडक्या अंड्यांचं पाणी,
आणि वर लख्ख दुपार.
"मग त्यात राहणारे?"
त्यांनी डबा उघडला, पुन्हा लावला.
"जवळजवळ सगळे."

घरी निघालो.
टेकडीचा दगडही काळाच, पण हा लाव्हा,
दुसऱ्या एका मरणाच्या आसपासचा.
त्यावर अख्खं पुणं बसलंय,
पाया खणताना त्याला शिव्या देत.

रामनदीच्या पुलावर सवयीनं नाक दाबलं.
मग हात काढला.
उभा राहिलो थोडा वेळ, वास घेत,
खाली पाण्यावर दुकानाचा दिवा हलत होता.

उद्या अठरा नंबर.
सतराच्या बोटभर वरचा.
बोटभर म्हणजे किती हजार वर्षं,
ते विचारायचं राहिलं.