मैल सदतीस

नकाशा टेबलावर उलगडला
तेव्हा आधी वाळवीच्या मातीचा वास आला,
मग कालवा दिसला.
निळ्या शाईची एकच रेघ,
मैल शून्यापासून मैल सदतीसपर्यंत.
मैल एकोणतिसाला घडी पडते, तिथे कागद तुटलाय.
तेवढं माझं काम.

फोर्टातल्या या दगडी दप्तरखान्यात
बावीस वर्षं मी फाटलेलं सांधते.
गव्हाची खळ, जपानी कागद, मऊ कुंचला.
खळ जाड झाली की कागद आखडतो,
पाठारे सांगायचे, आणि बोट चाटून बघायचे.

बासनात एक अर्जही निघाला, मोडीतला.
हैबती वलद सुभानजी, जागल्या, मौजे सावरगव्हाण:
"वरले गावी ऊस जाहला. पाट तिकडेच जिरतो.
आमचे मोरीस पाणी येते ते रात्रीचे, घोट्याइतके.
बंधारा होता तेव्हा फडाफडाने पोचत होते.
हल्ली पट्टी पुरी, पाणी अर्धे."
समासात तांबड्या शाईत साहेबाचा शेरा:
असा बंधारा नकाशात नाही.

नाहीच.
मी नकाशा दिव्यासमोर धरला.
मैल सदतीसपाशी कागद पातळ होता,
पात्यानं खरवडल्यासारखा,
आणि त्या पातळ जागेतून
उजेडाची एक वाकडी रेघ
नदीपासून निघून शेतांत शिरत होती,
पुढे तिला बोटांसारखे फाटे.

चिंचपोकळीला आम्ही चौथ्या मजल्यावर.
पाणी पावणेपाचला.
खालच्या मोरेंनी मोटर लावली
की आमचा नळ नुसता खोकतो.
मग कळशी तिरकी धरून बसायचं,
करंगळीएवढ्या धारेखाली,
झोप डोळ्यांत तशीच.
त्याच पाण्यात मी खळ शिजवते
आणि डब्याच्या पिशवीतून कामावर नेते.

एकोणतिसाची फाट दुपारपर्यंत सांधली.
रजिस्टरात लिहिलं: फाट एक, लांबी चार इंच.
कुंचल्यात थोडी खळ उरली होती.
ती खरवडल्या जागेवर फिरवली,
आधी मुख्य पाट, मग फाटे,
घाई न करता, पाळीनं.
याला रजिस्टरात रकाना नाही.

वाळायला रात्र लागते.
वर सोख्ता, काच, काचेवर वजनं.
दिवा घालवताना वाकून पाहिलं.
बाकी नकाशा सुकत आला होता,
सावरगव्हाण अजून ओलं होतं.