नमुना क्रमांक सत्तेचाळीस

उणे ऐंशीतून काढलेली नळी
बर्फात उभी करते.
पहिल्या खेपेला सीरम दुधाळ होतं, पातळ ताकासारखं.
तीन महिने गोळी घेतल्यावर निवळायला हवं होतं.

मिरजेत पहाटे वीज जाते,
यंत्र पुन्हा शून्यापासून श्वास घेतं.
मग पडद्यावर टोकं उगवतात:
पित्ताम्लं, कार्निटिन, लसणाचा माग, हळदीचा,
आणि "रात्री आठनंतर काहीसुद्धा नाही" म्हणालेल्या बाईच्या रक्तात
शेंगदाणा.
रक्त चहाडखोर.

गोळीचं टोक जिथं यायला हवं
तिथं मात्र सपाट रेघ,
पूर ओसरल्यावरच्या मळीसारखी.

अक्काताई मगदूम, वय बावन्न,
हरभट रोडच्या मागं भडंगाची कढई.
फोन केला तर आधी हसल्या.
"कळलं व्हय तुमच्या मशिनीला?
पहिला महिना घेतल्या की गं.
मग पोटऱ्या धरायला लागल्या.
सा-सा तास उभं राहायचं असतंय कढईपुढं,
बसून कोण भाजतंय चुरमुरं?
डब्यात हायत सगळ्या, मोजून देते."

फॉर्मवर चार चौकटी.
विसरल्या, संपल्या, परवडत नाहीत, इतर.
"इतर"पुढं अर्ध्या बोटाची जागा.
तिथं बारीक अक्षरात लिहिलं: पोटऱ्या.
सरांना दाखवायचंय. नमुना बाद नको,
निदान ही सपाट रेघ तरी मोजा.

संध्याकाळी रिक्षावाला पुडी देऊन गेला.
वर बॉलपेननं:
तेल कमी टाकलंय.
मशिनीला सांग.